सहाची बोट

"नकाशा उलटा धरलाय तुम्ही."

आंतोननं मान वर केली. समोर साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. आखूड राखाडी केस, पाठीवर छोटी पिशवी आणि हातात अगदी तसाच नकाशा.

"तरीच," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मघापासून समुद्र भलत्याच बाजूला दिसतोय."

ती हसली. तिचं इंग्रजीही तसंच, ठेचकाळत चालणारं. नाव विल्मा, बुडापेस्टहून एकटीच आलेली. आंतोननंही आपली ओळख सांगितली. हॉलंडमधला गणिताचा निवृत्त मास्तर, संध्याकाळी सहाच्या बोटीनं पुढं टालिनला जाणार.

"माझं विमान साडेसातचं," विल्मा म्हणाली. "तोवर बरोबरच चुकू या की वाट!"

हेलसिंकीवर त्या सकाळी समुद्रावरून आलेलं धुकं पसरलं होतं. घरांचे वरचे मजले नुसते तरंगत होते. ट्राम धुक्यातून हलकेच यायची आणि पुन्हा धुक्यात विरून जायची. आंतोनला सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं.

तीन दिवसांत त्याच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. इथली माणसं वाईट नाहीत, पण ओळखीशिवाय बोलणं त्यांच्या जिवावर येतं. थांब्यावरसुद्धा ती दोन-दोन हात अंतर ठेवून उभी राहतात. वाट चुकलेला परदेशी दिसला, की मात्र त्यांना कंठ फुटतो. एकट्या माणसानं हातातला नकाशा खाली ठेवू नये.

दोघांना खडकात खोदलेलं चर्च पाहायचं होतं. एका चौकात 'डावीकडे' हा शब्द आंतोनच्या ओठांवर आला होता. पण पाहुण्यानं शहाणपणा कशाला दाखवावा? विल्मानं उजवीकडे बोट केलं आणि तो मुकाट्यानं निघाला. तासाभरानं ते एका कबरस्तानात पोचले.

"चर्च नाही, पण चर्चची गिऱ्हाइकं तर सापडली!" विल्मा म्हणाली. आंतोन इतका हसला, की फुलांना पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्यानं झारी खाली ठेवून त्याच्याकडे डोळे वटारले.

दुपारी बंदरावरच्या बाजारात ते माशांचं सूप प्यायला बसले. तेवढ्यात सूप विकणारी बाई फिनिश भाषेत ओरडली, "डोकं सांभाळा, डोकं!"

दोघं एकदम खाली वाकले. डोक्यावरून एक समुद्रपक्षी सणकन गेला आणि शेजारच्या जर्मन पाहुण्याच्या हातातला पाव घेऊन उडाला.

"संकटाला भाषा लागत नाही," विल्मा घाईघाईनं म्हणाली.

"मुळीच लागत नाही," आंतोन त्याहून घाईनं म्हणाला.

मग सॉना, म्हणजे वाफेची अंघोळ. समुद्राकाठी बायका-पुरुषांचा एकत्र सॉना होता. पोहण्याचे कपडे भाड्यानं मिळत. आंतोनला मिळालेली चड्डी दोन मापं मोठी. एका हातानं ती धरून तो लाकडी फळीवर बसला. तापलेल्या दगडांजवळ एक लालबुंद आजोबा बसले होते.

"पहिलीच वेळ ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "चेहऱ्यावरूनच कळतं. हे बघ बाबा, हे ओगराळं घ्यायचं. पाणी दगडांवर ओतायचं. दगडांवर, शेजाऱ्यावर नाही! आणि बाई, तुम्ही वरच्या फळीवर नका जाऊ. तुम्हा परदेशी लोकांना झेपत नाही ते."

"बरं," विल्मा खालमानेनं म्हणाली. तिचे खांदे हलत होते.

"नाकानं श्वास घे. अस्सं! शिकशील, शिकशील."

पहिलीतल्या पोरासारखा आंतोन मान डोलवत राहिला. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना शिकवलं होतं. आपल्यालाही कुणीतरी एवढ्या आस्थेनं शिकवतंय, याचं त्याला अप्रूप वाटलं. वाफेत विल्माचा चेहरा पुसट होत गेला. सहा वाजले, की हे सगळं संपणार. उद्या पुन्हा एकट्याची न्याहारी, पुन्हा मुक्यानं गेलेला दिवस. हिचा पत्ता मागून घ्यायला हवा. पण उलट तिनंच पत्ता विचारला, तर काय सांगायचं?

पाच वाजता ते ट्रामच्या थांब्यावर उभे राहिले. धुकं आता सोनेरी झालं होतं.

"पत्ता..." आंतोन कसाबसा म्हणाला.

विल्मा गडबडली. "बुडापेस्ट फार मोठं आहे हो. पत्रं हरवतात."

"हॉलंडमध्येही हरवतात," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या जिभेला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"बोट चुकेल तुमची."

"हो. आणि तुमचं विमान."

दोघांनी हात हातात घेतले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवले. मग ती विमानतळाच्या दिशेनं निघाली आणि तो बंदराच्या. थोडं गेल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. धुक्यात कुणीच दिसत नव्हतं.

सहा वाजता बोटीचा भोंगा ऐकू आला, तेव्हा आंतोन तिसऱ्या मजल्यावर आपल्या घराच्या दारात उभा राहून किल्ली शोधत होता. खालून जिन्यावर पावलं वाजली. समोरच्या बिऱ्हाडातली शेजारीण असणार. दारावरची 'हाल्मे' ही पाटी सोडली, तर चार वर्षांत त्यानं तिचं काही पाहिलं नव्हतं. जिन्यात चाहूल लागली, की इथं जो तो आपल्या दाराआड थांबून राहतो. आज मात्र किल्ली लवकर सापडेना. पावलं वर आली, त्याच्या पाठीमागे थांबली आणि समोरच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. शेवटी त्यानं वळून पाहिलं. आखूड राखाडी केस सॉनातल्या वाफेनं अजून ओलेच होते.