न बिघडलेली खाडी

चांगुणाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. पडद्यावरच्या खाडीची ओहोटी सरत आली होती आणि त्यांची लेक हर्षू चिखलात वाकून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होती. यंदा ती आईपेक्षा उंच दिसत होती.

खऱ्या खाडीत कारखान्याचं पाणी उतरलं, त्याच वर्षी हर्षू गेली. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. कारखान्याचा दंड न्याय्य ठरावा म्हणून खटल्यासाठी लावलेलं यंत्र तेव्हापासून, ते पाणी उतरलंच नसतं तर कशी असती, ती न बिघडलेली खाडी पडद्यावर चालवत होतं. तिथले मासे, तिथली माणसं, त्यांची वाढती वयं, सगळं त्यात होतं. दोन्ही खाड्यांमधलं अंतर म्हणजे नुकसान.

कारखान्याने केव्हाच सगळं मान्य केलं होतं. तडजोडीवर गावातल्या सगळ्यांचे अंगठे झाले होते, चांगुणाबाईंचाच राहिला होता. तो काचेवर उमटला की खऱ्या खाडीची सफाई सुरू होणार आणि हे यंत्र बंद होणार.

"बाय, तुझ्यापायी गाळ काढायची मशीनं धक्क्यावर गंजतायत," शेजारची येसूबाई म्हणाली. "माझी नातवंडं त्याच पाण्यात डुंबतात गं."

"दंड कमी वाटतोय का, मावशी?" अंगठा घ्यायला आलेल्या अधिकारी मुलीने विचारलं.

"नाय गं. बरोबर लावलाय. हर्षू हसली की माझ्या सासूसारखाच दात दिसतो तिचा, इतका बरोबर."

पडद्यावर हर्षूने टोपली डोक्यावर घेतली आणि ती बांधावरून घराकडे निघाली.

चांगुणाबाईंनी अंगठा काचेवर धरला, पण टेकवला नाही.

"वाईच थांब, पोरी," त्या म्हणाल्या. "भरती येतेय. तिला घरात जाऊ दे."