नऊशे सैनिक

"आई, हे माझे नाहीत," रिपोर्टवर बोट ठेवत सात वर्षांची मुक्ता म्हणाली. "माझे सैनिक नऊशेच उरलेत."

रक्तातल्या पांढऱ्या पेशींना डॉक्टर सैनिक म्हणायचे. दर सोमवारी ते मोजायचे आणि त्यावर मुक्ताच्या केमोचा डोस ठरायचा. सैनिक वाढले की गोळी वाढायची, घटले की कमी. आज बेचाळीसशे निघाले, म्हणून डॉक्टरांनी दीड गोळी लिहिली होती. आईचं मन मात्र धजेना. ती लॅबच्या खिडकीशी परत गेली.

"पोरीच्या बोलण्यावर पुन्हा सुई टोचू का, ताई?" लॅबवाला हसला. तासाभरानं त्याचा चेहरा उतरला. नळ्यांची अदलाबदल झाली होती. मुक्ताचे बरोबर नऊशे होते. गोळी बंदच झाली. दीड पोटात गेली असती, तर पोर हाती लागली नसती.

आईनं तिला कुशीत ओढलं. "तुला कसं गं कळलं?"

"जाताना सांगून जातात ना मला. 'येतो हं' म्हणतात."

"मग येतील की परत."

मुक्ता जरा घुटमळली. "आज सकाळपासून नुसतं 'जातो' म्हणतायत."