कोरी स्टेपनी

"हा टायर मी बसवणार नाही," टायरवाला म्हणाला आणि त्यानं स्टेपनी दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली.

गाडीवाला हसला. ते हसू पाहून कुणालाही बरं वाटलं नसतं. त्याची जुनी कॅम्पर व्हॅन भर दुपारच्या उन्हात जॅकवर तिरकी उभी होती, मागचं डावं, टायर फाटलेलं चाक काढलेलं. आत झोपायची फळी, शेगडी, पाण्याचे कॅन, दोरीवर वाळत घातलेले कपडे. उघड्या दारात त्याची बायको आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती.

"कोरा टायर आहे," तो म्हणाला. "एक किलोमीटर चाललेला नाही. गाडी घेतली तेव्हापासून मागच्या दाराला आहे, कव्हर घालून."

"तेच सांगतोय, साहेब. सतरा वर्षं लटकलाय. ही बघा तारीख." टायरवाल्यानं रबरावरच्या चार आकड्यांवर काळा अंगठा ठेवला. मग त्यानं टायरची कड दाबली, तशा केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या. "नक्षी नवी आहे, पण रबर मेलंय. इथून पुढं बारा किलोमीटर उतार. कुठल्यातरी वळणावर फुटणार, आणि वळणाच्या खाली काय आहे ते तुम्हाला दिसतंयच."

कव्हर मात्र खरोखर स्वच्छ होतं. दर महिन्याला बायको ते धुऊन, इस्त्री करून परत चढवायची. एक सुरकुती राहिली तरी खपत नसे. त्या टायरचे जेवढे लाड झाले, तेवढे त्या घरात माणसांचे झाले नसतील.

"तू मला शिकवणार?"

"गेल्या वर्षी असाच एक बसवून दिला होता मी," टायरवाला म्हणाला. "आता नाही बसवणार."

गाडीवाल्याचा हात वर जायच्या आतच मुलीनं कान झाकून घेतले. थप्पड नंतर पडली. टायरवाला पन्नाशीचा, अंगानं किडकिडीत. तो दोन पावलं मागं गेला आणि तोंडातलं रक्त थुंकला.

"मीच बसवतो," म्हणत गाडीवाल्यानं स्टेपनी घरंगळत नेली आणि नट गोळा करायला बसला.

"बसवा. पण पोरीला तरी उतरवा गाडीतून."

एवढं म्हणायचीच खोटी. गाडीवाला उठला आणि त्यानं टायरवाल्याच्या पोटात गुडघा घातला, वाकला तसा मानेवर कोपर हाणला. पडल्यावर लाथा घातल्या. घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. एकेक लाथ जागा बघून बसत होती, आणि पाय सरावलेला आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. बायको दारातून हलली नाही. कितवी लाथ शेवटची असते, हे तिला ठाऊक होतं.

दम लागला तसा तो थांबला, नट उचलून पुन्हा चाकाशी बसला. टायरवाला रांगत पुढं सरकला. त्याच्या हातात रबर कापायची सुरी होती. गाडीवाला दचकून मागं झाला, पण सुरी त्याच्याकडं आलीच नाही. टायरवाल्यानं ती स्टेपनीच्या कुशीत मुठीपर्यंत खुपसली आणि ओढली. सतरा वर्षांची हवा फुसकन बाहेर आली.

मग गाडीवाल्यानं चाकाचा पाना उचलला.

पहिला घाव टायरवाल्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मुलीला कान झाकूनही ऐकू गेला असावा, कारण तिनं डोळेही मिटून घेतले. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, तेवढ्यात रस्त्यावर एका टेम्पोनं ब्रेक मारला आणि ड्रायव्हर ओरडला, "अरे, काय चाललंय?"

गाडीवाल्यानं पाना खाली टाकला. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि पार वेगळ्या आवाजात म्हणाला, "काही नाही हो, जरा वादावादी. खालच्या गावापर्यंत सोडता का? टायर आणायचाय." टेम्पोत चढताना बायकोकडं बोट करून म्हणाला, "इथून हलायचं नाही."

टेम्पो वळणाआड गेला, तरी बराच वेळ ती तिकडंच बघत राहिली. मग उतरली. कॅनमधलं पाणी आणून तिनं टायरवाल्याला पाजलं, ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. त्याचा उजवा हात मनगटापासून नुसता लोंबत होता. तिला रडू येत होतं, पण रडायला आत्ता सवड नव्हती.

"काका, वर जाणारी बस कधी आहे?"

"अर्ध्या तासात. इथंच थांबते."

"आणि हे कधी येतील?"

"तासाभरात." टायरवाल्याला तिचा बेत कळला. "पण ताई, टायर चढवला की ते गाडी घेऊन तुमच्यामागं येणार. बसला गाठायला कितीसा वेळ लागतो!"

"ते एकच टायर आणणार," ती म्हणाली.

तिनं मुलीला उतरवून लांबच्या बाकावर बसवलं. मातीत पडलेली सुरी उचलली, व्हॅनच्या पुढच्या चाकाशी गेली आणि उकिडवी बसली. तिनं नक्षीवर टोक टेकवून पाहिलं. टोक घसरलं.

"तिथं नाही," टायरवाला जमिनीवरूनच म्हणाला. "बाजूला, कुशीत मारा. तिथं पातळ असतो. आणि तोंड फिरवून घ्या, ताई. हवा जोरात येते."

तिनं तोंड फिरवलं नाही.