निपाणीच्या वाटेवरचं पंक्चर

निपाणीजवळच्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल राइडमध्ये मी सगळ्यांच्या मागे पडले होते. सोबत फक्त धनपाल अण्णा. शेवटच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हे त्यांचं स्वयंसेवक म्हणून दरवर्षीचं काम.

सायकल अण्णांजवळ ठेवून विहिरीवर बाटली भरून आले, तर माझं मागचं चाक बसलेलं.

"बस गं सावलीत. बदलतो ट्यूब." अण्णांचे हात सावकाश चालले होते, तोंड मात्र थांबत नव्हतं. तंबाखूच्या गोष्टी झाल्या, म्हशीच्या झाल्या, मग बायकोची आठवण निघाली.

"आमची राजमती वारली, तवापासनं घरात बोलायला कोण न्हाय बघ."

चाक बसवेपर्यंत ऊन उतरलं.

घरी आल्यावर पंक्चर शोधायला जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती बादलीत बुडवून सगळीकडून फिरवली.


एकही बुडबुडा आला नाही.