पुलाखालचे मासे

केंटकीतल्या तलावावर डेल्मर लोकांना क्रॅपी मासे धरायला न्यायचा. यंदा त्याने होडीवर पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं नवं सोनार यंत्र बसवलं आणि पहिल्याच फेरीला शेजारच्या लोरीनबाईंना घेतलं. त्यांचा नवरा हॉयट रंगारी होता. फार वर्षांपूर्वी तो भांडून घराबाहेर पडला, तो आलाच नाही. कुठल्याशा बाईबरोबर पळाला, असं गाव म्हणायचं. हळूहळू लोरीनबाईही तेच म्हणू लागल्या.

पुलाखाली मासे भराभर गळाला लागू लागले.

"काय रे, खाली झाड बुडालंय का? केवढी गर्दी ही!"

डेल्मर यंत्रावर वाकला. पडद्यावर माशांच्या घोळक्यात एका पिकअप गाडीचा आकार दिसत होता. तिच्या टपावर शिडी होती.

"अरे, बोल की! वाचा बसली का?"

"लोरीनबाई," तो चाचरत म्हणाला, "हॉयटकाका शिडी गाडीच्या टपावरच बांधायचे ना?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. हातातली गळाची काठी कधी पाण्यात गेली, त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी वर काढली. हॉयट आतच होता, पट्टा लावलेला. शेरीफ टोपी काढून लोरीनबाईंसमोर उभा राहिला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जाताना पडला, की परत येताना?"



"येताना, बाई. गाडीचं तोंड तुमच्या घराकडे होतं."