मोजणी बरोबर आली

"एक," ड्रायव्हर म्हणाला आणि श्वासभर थांबला.

"तीन," मुलगी म्हणाली.

"चार!" गोटू ओरडला.

"बरोबर. चला," ड्रायव्हरने बोटवाल्याला हात केला. बेटावरून परतणारी ही दिवसाची शेवटची बोट. दोर सुटला, इंजिन घरघरलं, धक्का मागे सरकू लागला.

ड्रायव्हर शाळेची बस चालवायचा. पोरं डोळ्यांनी मोजू नयेत, डोळे फसतात. ज्याचा आकडा त्यानेच बोलावा, हा त्याचा कामावरचा नेम. तोच त्याने घरात आणला होता. सगळे मिळून कुठे निघाले की आधी मोजणी. त्यातला दोन हा आकडा मुलांच्या आईचा. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, पण तो आकडा कुणाला दिला नव्हता. तिच्या जागी श्वासभर गप्प राहायचं. मुलगी हे फार कसोशीने पाळायची. गोटूने घाई केली की त्याला चिमटा बसायचा.

चार महिन्यांपूर्वी ड्रायव्हरने दुसरं लग्न केलं. बाई दवाखान्यात परिचारिका. बोलणं हळू, हाताला उरक. मुलगी तिच्याशी भांडली नाही आणि बोललीही नाही. "सुट्टी संपली की मी मावशीकडे राहायला जाणार," एवढंच तिने बापाला सांगून टाकलं. म्हणून तर ही सहल काढलेली. आठ दिवस एका खोलीत राहिलो तर कुठेतरी टाका बसेल, अशी ड्रायव्हरची आशा होती.

पहिल्याच सकाळी माशी शिंकली. घराच्या दारात ड्रायव्हर "एक" म्हणाला आणि नेहमीसारखा थांबला. परिचारिकेला वाटलं, आपल्यासाठीच थांबलेत. ती हसून म्हणाली, "दोन."

मुलीने हातातली पिशवी खाली टाकली. दिवसभर ती जेवली नाही.

"मी तुला आधी सांगायला हवं होतं," ड्रायव्हर रात्री बायकोला म्हणाला. "डोक्यातच आलं नाही माझ्या."

त्यानंतर मोजणीची वेळ आली की परिचारिका आपणहून चार पावलं लांब जायची. कधी पाण्याची बाटली भरायला, कधी सामानापाशी. ड्रायव्हरलाही त्याची सवय झाली. मोजणी संपली की ती मागून येऊन कडेच्या जागी बसायची. पाचव्या दिवशी मुलीची टाच सोलवटली. परिचारिकेने पट्टी लावली. मुलीने पाय पुढे केला, थँक्यू म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. जमाखाती एवढंच. आणि आज शेवटचा दिवस.

बोट पन्नास-साठ हात आत गेली असेल. गोटूने पाय बाकावर घेतले. एक पाय अनवाणी होता.

"चप्पल कुठंय रे?" मुलीने विचारलं.

"पायऱ्यांवर राहिली. आणायला गेल्यात ना त्या."

मुलगी गर्रकन मागे वळली. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या आणि त्यांच्या मधे एक टोपली.

परिचारिका धक्क्याच्या टोकाला उभी होती. हातात छोटी चप्पल. ती हात हलवत नव्हती. ओरडतही नव्हती.

"बाबा! त्या राहिल्या!"

ड्रायव्हर ताडकन उठला. बोट डुलली, म्हाताऱ्यांनी टोपली धरली.

"अहो, मघाशी माझ्यासमोर मोजलंत ना?" बोटवाला वैतागला. "बरोबर म्हणालात की!"

"बरोबरच आली होती," ड्रायव्हर पुटपुटला.

"धन्य आहे. काम काय करता तुम्ही?"

ड्रायव्हरने ते सांगितलं नाही. बोट वळली.

परिचारिका चढली. कुणाकडे न बघता ती गोटूसमोर खाली बसली आणि त्याच्या पायात चप्पल घालू लागली.

"हाक का नाही मारलीत?" मुलीने विचारलं.

"मोजणी ऐकू आली मला," परिचारिका चपलेचा पट्टा लावत म्हणाली. "बरोबर आली होती. मग काय म्हणून ओरडू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने तो पट्टा ओढून पाहिला, घट्ट आहे ना म्हणून, आणि नेहमीच्या कडेच्या जागेकडे निघाली. मुलीने मधल्या बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिथे एका माणसापुरती जागा झाली. परिचारिका क्षणभर उभीच राहिली. मग बसली.

"आता तरी नीट मोजा," बोटवाला म्हणाला. "पुन्हा वळणार नाही मी."

ड्रायव्हरने घसा खाकरला.

"बाबा, थांब," मुलगी म्हणाली. "दोन आईचा. तो तसाच. तीन यांचा. चार मी."

"चार मी आहे!" गोटू उसळला.

"तू पाच. मोठी माणसं आधी."

"आणि तू मावशीकडे गेल्यावर चार कोण?"

"कोण जातंय?"

ड्रायव्हरने तोंड फिरवून पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक."

श्वासभर सगळे थांबले. बोटवालाही थांबला. त्यानंतर परिचारिकेचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

मुलीने तिला कोपराने हळूच ढोसलं.

"जोरात म्हण ना. इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही जात बाबाला."