तिच्या नावावर
औद्योगिक वसाहती उभारणाऱ्या कंपनीत तो हिशेबांचा प्रमुख होता. मोटारींचा मोठा कारखाना कंपनीच्याच जमिनीवर येतोय, हे बाहेर फुटण्याआधी त्याला कळलं आणि त्याने बायकोच्या नावावर कंपनीचे ढीगभर शेअर घेऊन टाकले. बातमी जाहीर झाली, भाव दुप्पट झाला आणि महिन्याभरात शेअर बाजाराचे चौकशी अधिकारी घराच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. तो धावत स्वयंपाकघरात गेला. “मीच घेतले म्हणून सांग. नवऱ्याला काही माहीत नव्हतं म्हण,” तो बायकोला म्हणाला. “म्हणजे तुरुंगात मी जाऊ? मी खोटं बोलणार नाही.” त्याने तिचे केस धरून तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. ती खाली कोसळली तशी पोटात लाथ घातली. “बोल, सांगशील की नाही?” तिच्या तोंडातून रक्त आलं, पण ‘हो’ आलं नाही. त्याने पुन्हा पाय उचलला, तेव्हा दारात उभं राहून सगळं ऐकणाऱ्या त्याच्या आईने, जन्मात कुणावर हात न उगारलेल्या बाईने, लोखंडी तवा उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. “आई गं!” तो किंचाळला. “आता आठवली होय रे आई?” म्हणत तिने सुनेला उठवून खुर्चीवर बसवलं आणि जाऊन फाटक उघडलं. “आधी माझ्या सुनेसाठी डॉक्टर बोलवा,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली. “मग लिहून घ्या. शेअर माझ्या मुलाने घेतलेत आणि त्याचा पाय मी मोडलाय.”